हसलेला अनारसा

दूध कोमट करून त्यात चमचाभर दही घातलं की सकाळी दही तयार, ही गोष्ट मला साठ वर्षं माहीत होती. म्हणजे माहीत आहे असं मी समजत होतो. २०१९च्या डिसेंबरात बायको मुलीच्या बाळंतपणासाठी पुण्याला गेली, मी हैदराबादेतल्या घरात एकटा उरलो आणि आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या हाताने दही लावलं. सकाळी झाकण काढलं तर आत दूध होतं. तळाशी कालच्या दह्याच्या चार गुठळ्या, वर दूध. उकळतं दूध उतरवून पाचच मिनिटांत मी त्यात विरजण घातलं होतं. दह्याचे जिवाणू चाळीस-पंचेचाळीस अंशांच्या उबेत सुखाने वाढतात. त्याहून फार तापलेल्या दुधात ते मरतात. मी त्यांना मारून रात्रभर झाकून ठेवलं होतं.

दुसऱ्या दिवशी धडा घेऊन दूध इतकं निवू दिलं की थंडीत ते लागलंच नाही. तिसऱ्या दिवशी लागलं, पण मी दुपारपर्यंत विसरलो. वर पाणी, खाली आंबट गोळा. चौथ्या दिवशी चमचा वर उचलला तर दह्याला तार आली. एव्हाना घरातलं सगळं विरजण संपलं होतं. वाटी घेऊन शेजारच्या अम्मांचं दार वाजवलं.

अम्मा गुंटूरकडच्या, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठ्या. त्यांची हिंदी आणि माझी तेलुगू साधारण एकाच दर्जाची. मी 'दही चाहिए, जमाने के लिए' वगैरे म्हणत होतो. त्या म्हणाल्या, ''तोडु?'' आणि वाटीत दोन चमचे दही घालून दिलं. करंगळी दुधात बुडवून दाखवायचीही खूण केली: चटका बसता कामा नये, पण ऊब लागली पाहिजे.

तेलुगूत तोडु म्हणजे सोबत. अंधारातून जाताना माणसाला जी लागते ती. दुधाला तोडु लावायचा म्हणजे दुधाबरोबर कुणीतरी पाठवायचं. हिंदीत जामन आहे, कन्नडमध्ये हेप्पु, बंगालीत दंबल. पण सोबत हा अर्थ ऐकून मी वाटी हातात धरून जिन्यात थोडा वेळ थांबलोच. कारण माझ्या भाषेत या चमचाभर दह्याची काय प्रतिमा आहे? आनंदावर विरजण पडतं. उत्साहावर पडतं, सहलीच्या बेतावर पडतं. ज्याच्यावाचून आमचं जेवण पुरं होत नाही, त्याचं नाव आम्ही बेत फसण्याला देऊन ठेवलं आहे.

पुढे विचार केला तेव्हा वाटलं, मराठीही चुकीचं बोलत नाही. दुधाच्या बाजूने पाहिलं तर दही हा अपघातच. दूध नासतं तेव्हा त्यात आंबटपणा वाढतो आणि केसीन नावाचं प्रथिन गोळा होतं. दूध विरजतं तेव्हाही हेच होतं. एक आपल्याला हवं असतं म्हणून आपण वाट पाहतो, दुसरं नको असतं म्हणून ओतून देतो. बिघडलं की झालं, हे भांड्यातून पुरतं ठरत नाही. भांड्याशेजारी कोण उभं आहे आणि त्याला कोण काय विचारणार आहे, यावरही ते ठरतं. पण हे मला त्या डिसेंबरात सुचलं नव्हतं. तेव्हा मी भलताच खूश होतो.

कारण दही जमलं. पाचव्या दिवशी, अम्मांच्या तोडुने. चमचा उभा राहील इतकं घट्ट. मी त्याचा फोटो काढून मुलीला पाठवला. दह्यावरून मी सायीवर गेलो, सायीवरून लोण्यावर. लोणी येण्याचा क्षण ज्याने स्वतः घुसळलेलं नाही त्याला समजावून सांगणं अवघड आहे. दहा मिनिटं, पंधरा मिनिटं काहीच होत नाही, नुसता फेस. रवी जड होते, हात भरून येतो, आपलं काहीतरी चुकलं अशी खात्री पटत जाते. मग एकदम आवाज बदलतो. फसफस थांबून डबडब सुरू होतं, रवीला कण चिकटतात आणि पाहता पाहता ताक वेगळं, लोणी वेगळं. थंड पाण्याचा हबका मारला की कण एकमेकांना धरतात. बँकेत पस्तीस वर्षं काम केलं, पण काम झाल्याची इतकी स्पष्ट खूण तिथे एकदाही दिसली नाही.

तूप मात्र जाळलं. लोणी कढताना आधी खूप बोलतं, मग त्यातलं पाणी सरलं की गप्प होतं. त्या गप्प होण्याकडे लक्ष ठेवायचं असतं. मी नेमका फोनवर होतो. बेरी काळी ठिक्कर, तूप चहाच्या रंगाचं, घरभर धूर. ती गोष्ट मी फोनवर निदान सहा जणांना सांगितली आणि दर खेपेला ती जास्त रंगत गेली. सातवी श्रोती कामाला येणारी बाई. तिने गोष्ट ऐकली नाही, पातेलं पाहिलं. वीसेक मिनिटं तारेच्या काथ्याने घासत होती. जाताना म्हणाली, ''साब, घी दुकान में मिलता ना?''

मी हसलो. तीही हसली, पण माझ्या हसण्यात आणि तिच्या हसण्यात वीस मिनिटांचं अंतर होतं.

हाताने करून खाण्याच्या आनंदाबद्दल हल्ली पुष्कळ लिहिलं जातं. घरी पाव भाजणारे, घरी मसाला कुटणारे, व्हिनेगर करणारे भेटतात आणि त्यांच्या बोलण्यात एक नैतिक सूर असतो: विकतचं खाणारा माणूस कुठेतरी कमी पडतो, स्वतः करणारा मुळांशी जोडलेला असतो. मीही हा सूर लावला आहे. बायको परत आल्यावर तिने पिशवीतून दह्याचा डबा काढला, तेव्हा मी, चार महिने दही लावलेला माणूस, पस्तीस वर्षं दही लावलेल्या बाईला डब्यावरचा मजकूर वाचून दाखवला होता.

गांधींच्या आत्मकथेत जोहान्सबर्गच्या घराचं वर्णन आहे. हाताने दळलेल्या पिठाचे फायदे पटल्यावर त्यांनी सात पौंडांना एक हातचक्की घेतली. तिचं लोखंडी चाक एकट्याला जड, दोघांना सोपं. ते स्वतः, मित्र पोलाक आणि मुलं मिळून दळत. मुलांना त्याने चांगला व्यायाम होई. कस्तुरबाही अधूनमधून हात लावत, पण दळण्याची वेळ आणि त्यांची स्वयंपाकाला लागण्याची वेळ नेमकी एकच होती. हे गांधींनी स्वतःच नोंदवलं आहे, त्याबद्दल त्यांचा आदर वाटतो. दुसऱ्या कुणाच्या ते लक्षात राहिलं नसतं. पुढे १९३० साली येरवडा तुरुंगातून आश्रमाला लिहिलेल्या पत्रांत त्यांनी शरीरश्रमाचं व्रत मांडलं: आपल्या भाकरीपुरते कष्ट प्रत्येकाने स्वतः करावेत. व्रत म्हणून मला ते मान्य आहे. पण जोहान्सबर्गच्या त्या घरात चक्की यायच्या आधीही एक माणूस रोज ते व्रत पाळत होतं, आणि ते व्रत आहे हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

आपल्याकडे जात्यावरच्या ओव्यांचं असंच होतं. गी पॉइतवां आणि हेमा राईरकर यांनी गावोगाव बायकांकडून लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. फार मोठं काम. पण पिठाच्या गिरण्या आल्या आणि जातं मुकं झालं, असा शोक मी जेव्हा जेव्हा वाचला, तो पहाटे चारला जातं न ओढणाऱ्याने लिहिलेला होता. माझ्या आजीला गिरणीबद्दल विचारलं असतं तर तिने गिरणीवाल्याला आशीर्वाद दिला असता. ओव्या तिला येत होत्या. जातं गेल्यावरही तिने त्या म्हटल्या, गोधडी शिवताना.

आणि विकतचं म्हणजे तरी काय? १९५९ साली गिरगावात सात बायकांनी ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली, तिथून लिज्जत उभं राहिलं. तो पापड दुकानात विकत मिळतो, पण तो कुणाच्या तरी घरीच लाटलेला असतो. पीठ घरी न्यायचं, लाटून वाळवून परत आणून द्यायचं, तपासून घ्यायचं, पैसे घ्यायचे. पापड जाड झाला तर तेवढ्यापुरती कटकट होत असेल. निदान 'हिच्या आईने हिला काही शिकवलं नाही' हे वाक्य त्या हिशेबात धरलेलं नसतं. माझ्या आईला हाताखालून गेलेल्या प्रत्येक पापडामागे ते वाक्य ऐकू येत असे, असं मला आता वाटतं. आता, म्हणजे अनारशांनंतर.

नांदेडकडे आम्ही अधिक महिन्याला धोंड्याचा महिना म्हणतो. जावयाला बोलवायचं, धोंड्यांचं जेवण घालायचं आणि ३३ अनारशांचं वाण द्यायचं. २०२३ साली अधिक श्रावण आला. मुलगी आणि जावई हैदराबादला येणार होते. बायको म्हणाली, अनारसे मिठाईवाल्याकडून आणू. मी म्हणालो, मी करतो.

अनारसा हा माझ्या माहितीतला सर्वांत बेभरवशाचा पदार्थ आहे. जुना तांदूळ तीन दिवस भिजत घालायचा, रोज पाणी बदलायचं. मग उपसून फडक्यावर सावलीत पसरायचा. पार वाळू द्यायचा नाही, हाताला दमट लागला पाहिजे. त्याचं पीठ करायचं, चाळायचं, जवळजवळ तेवढाच गूळ घालून, तुपाचा हात लावून गोळा मळायचा आणि डब्यात चार-पाच दिवस मुरवत ठेवायचा. मग खसखशीवर थापून तुपात सोडायचा, खसखस वर; उलटायचा नाही, झाऱ्याने वरून तूप उडवत राहायचं. जमला तर जाळी पडते. पीठ ओलं राहिलं, गूळ जास्त झाला, तूप पुरेसं तापलेलं नसलं, तर अनारसा तुपात पडल्या पडल्या सुटा होत जातो, पसरतो आणि कण कण होऊन तरंगायला लागतो. मराठीत याला अनारसा हसला असं म्हणतात.

माझा हसला. श्रावणातली हवा, पीठ ओलं राहिलेलं. पहिला हसला, दुसरा हसला, तिसरा जरा विचार करून हसला. मुलीने व्हिडिओ काढला: बाबा झारा घेऊन उभे आणि कढईत सोनेरी भुगा. व्हिडिओ नातेवाइकांच्या ग्रुपवर गेला. तासाभरात तीस-चाळीस जण हसून गेले. जावई म्हणाला, ''बाबा, ३३ हसले की ३३ अनारसे मोजायचे का?'' मी इतका खूश होतो की तसाच भुगा वाटीत घालून सगळ्यांना वाढला.

रात्री ताईचा फोन आला. ताई परभणीला असते, माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. व्हिडिओबद्दल हसली, मग म्हणाली, ''आईची आठवण झाली का रे?''

मी म्हणालो, ''कशावरून?''

ती थोडा वेळ गप्प राहिली. ''तुला खरंच आठवत नाही?''

आठवत होतं, पण गंमत म्हणून. ताईच्या लग्नानंतरचा पहिला धोंड्याचा महिना. मी अकरा वर्षांचा. पाऊस लागून राहिलेला, तांदूळ वाळेना. आई चुलीपुढे बसलेली. एकामागून एक अनारसे हसत होते, तूप गढूळ होत होतं, आणि तूप तेव्हा आमच्या घरात मोजून असे. वडील दारात येऊन पाहून गेले. ''एवढंही जमू नये?'' एवढंच म्हणाले. आईने पिठात पीठ मिसळून गोळा सावरला आणि कसेबसे वीसेक अनारसे उभे केले. उरलेल्या जागी वाणात बत्तासे घातले. हे सगळं मी दारामागून पाहत होतो. मग पंगतीत, दाजी, ताईच्या सासूबाई, त्यांच्याकडची चार मोठी माणसं बसलेली असताना, मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, ''आमचे अनारसे हसले!'' पंगत हसली. माझ्या बोलण्याला इतकी मोठी माणसं एकदम हसल्याचा तो पहिलाच प्रसंग. मी ते वाक्य आणखी दोनदा म्हटलं.

माझी आठवण इथे संपते. ताईची इथे सुरू होते. भाकरी करपली, कढी फुटली, लोणच्याला बुरशी आली, काहीही झालं की तिच्या सासूबाई म्हणायच्या, ''तुमच्याकडे अनारसेसुद्धा हसतात.'' रागाने नाही, हसतच. ते घरातलं चालू वाक्य झालं. पुढे नणंदा म्हणायला लागल्या. दाजींनीही एक-दोनदा म्हटलं. आईला हे कुठून तरी कळलं असावं, कारण तिने नंतर अनारसे कधी केले नाहीत. त्यावर माझा समज असा होता की तिला ते आवडत नसत.

ताईने हे तक्रार म्हणून सांगितलं नाही. सत्तरीच्या पुढे माणूस अशा गोष्टी जुन्या पत्त्यासारख्या सांगतो. शेवटी म्हणाली, ''तुझा व्हिडिओ मात्र छान आलाय. तूप जरा कमी तापलं होतं.''

त्या रात्री मी माझा सगळा हिशेब पुन्हा मांडला. न लागलेलं दही, जळकं तूप, सुटे अनारसे: यातल्या कशाचीही मला किंमत मोजावी लागली नव्हती. उलट प्रत्येक फजितीवर मला थोडं कौतुकच मिळालं. हाताने करण्याचा जो आनंद मी सांगत फिरत होतो, त्यातला मोठा भाग बिघडवण्याच्या मोकळिकीचा होता. बिघडलं तर दुकान होतं. बिघडलं तर गोष्ट होती. माझ्या हातून दही बिघडलं म्हणून माझ्या आईच्या शिकवणीवर कुणी बोललं नसतं, कारण पुरुषाने दही लावलं हेच नवल. हा आनंद खोटा नाही. लोणी येतानाचा तो बदललेला आवाज मी आजही खरा मानतो. पण त्याच कामात आई होती, आजी होती, आणि त्यांना तो आवाज ऐकू येत असेल तर त्याच्या आधीच्या पंधरा मिनिटांत काय काय ऐकू येत असेल, हे मी कधी मनात आणलं नव्हतं.

यावर उपाय म्हणून स्वयंपाकघर सोडून देणं मूर्खपणाचं झालं असतं. माझा पश्चात्ताप झाला असता आणि काम पुन्हा बायकोच्या गळ्यात पडलं असतं. तिला दुसऱ्या दिवशी विचारलं, तुझ्या हातून शेवटचं दही कधी बिघडलं? ती पोहे चाळत होती. म्हणाली, ''महिन्यातून दोनदा तरी बिघडतं की. त्या दिवशी कढी असते.''

''मला कधी कळलं नाही.''

''तुम्हाला कळू नये म्हणूनच तर कढी.''

पस्तीस-छत्तीस वर्षांत मी किती कढ्या वाखाणल्या असतील? तिने यातली एकही फजिती गोष्ट करून सांगितली नव्हती. सांगावी असं तिला वाटलं नाही, आणि सांगता येईल असं घर मीही केलं नव्हतं. कढी चांगली असायची, हेही इथे लिहून ठेवतो.

अनारशांचा भुगा पुष्कळ उरला होता. अम्मांची तोडुची वाटी माझ्याकडे होती आणि रिकामी वाटी परत करायची नाही, ही आईची शिस्त अजून अंगात आहे. वाटीत भुगा भरला, वर खसखस टाकली आणि दार वाजवलं. काय आहे हे तेलुगूत कसं सांगावं या विचारात होतो, तर अम्मांनी चिमूट तोंडात टाकली आणि म्हणाल्या, ''अरिसेलु!'' त्यांच्याकडे संक्रांतीला करतात. तांदळाचंच पीठ, गुळाचाच पाक, फक्त पाक चुलीवर करून त्यात पीठ घालतात. तामिळीत अधिरसम, ओडियात आरिसा; एकच पदार्थ नाव बदलत किनाऱ्याकिनाऱ्याने गेला आहे. पाक चुकला की तोही तुपात असाच फुटतो, हे त्यांनी हाताच्या खुणेने दाखवलं. बोटं एकदम पसरवून.

मी हसत म्हणालो, ''मेरा सब टूट गया, अम्मा.''

त्या हसल्या नाहीत. वाटी हातात तशीच धरून त्यांनी माझ्या मागे, आमच्या घराच्या उघड्या दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणून विचारलं, ''घर में कोई कुछ बोला क्या?''

मी म्हणालो, नाही. कुणी काही बोललं नाही.

''अच्छा,'' म्हणाल्या, आणि वाटी धुऊन आणायला आत गेल्या.